शेंगदाण्याच्या घरात जवसाचा चमचा: आवश्यक मेदाम्लांचा घरगुती हिशोब

१९८२ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात सहा वर्षांच्या मुलीची हकीकत छापून आली. पोटात बंदुकीची गोळी लागल्याने तिच्या आतड्याचा मोठा भाग काढावा लागला होता आणि तिचं पोषण शिरेवाटे चाललं होतं. त्या पोषणद्रवात स्निग्धांश म्हणून करडईचं तेल होतं. पाचेक महिन्यांनी तिचे पाय दुखायला लागले, बधिरपणा यायला लागला, मधूनच चालता येईना, नजर धूसर झाली. कॅलरी पुरेशा होत्या, तेलही होतं, मग बिघडलं कुठे? संशोधक राल्फ होल्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्त तपासलं, तेव्हा ओमेगा-३ गटातली मेदाम्लं (फॅटी ॲसिड्स, म्हणजे तेल-तूप ज्यांचं बनतं ते घटक) तळाला गेलेली दिसली. करडईऐवजी सोयाबीन तेलाचा द्रव सुरू केल्यावर त्या तक्रारी गेल्या.

एका रुग्णावरून सगळं सिद्ध होत नाही, हे मान्य. पण मला ही गोष्ट पहिल्यांदा वाचताना करडईवरच अडकायला झालं. करडई म्हणजे आपल्या सोलापूर-मराठवाड्याचं पीक, कोवळ्या पाल्याची भाजी आणि "हार्टला चांगलं" म्हणून मान मिळालेलं तेल. त्या तेलात वाईट काही नाही. त्यात एक आवश्यक मेदाम्ल जवळजवळ तीन चतुर्थांश आहे आणि दुसरं नसल्यात जमा आहे, एवढंच. आपल्या बहुतेक मराठी घरांचीही थोडीफार तीच गत असते. दाण्याचा कूट, तीळ, कारळ्याची चटणी, सूर्यफुलाचं तेल अशी पहिल्याची रेलचेल आणि दुसऱ्याची चणचण. ती चणचण महागडं तेल न आणता कशी भागवायची, त्याचा हा हिशोब.

आधी ही दोन नावं ओळखून घेऊ

शरीर भात-साखरेपासूनही चरबी बनवतं, हे पोटाकडे बघून कळतंच. पण दोन मेदाम्लं त्याला बनवता येत नाहीत. त्यांच्या साखळीत ठरावीक जागी दुहेरी बंध घालावे लागतात, आणि ते काम करणारी एन्झाइम्स वनस्पतींकडे असतात, माणसाकडे नसतात. म्हणून ही दोन्ही आयतीच खावी लागतात. 'आवश्यक' म्हणतात ते याच अर्थाने.

पहिलं लिनोलेइक आम्ल, ते ओमेगा-६ गटातलं. दुसरं अल्फा-लिनोलेनिक आम्ल, ते ओमेगा-३ गटातलं. ज्याने ही नावं ठेवली त्याला वाचणाऱ्याची दया आलेली दिसत नाही. पुढे मी शक्यतो ओमेगा-६ आणि ओमेगा-३ असंच म्हणेन.

१९२९ पर्यंत स्निग्ध पदार्थ म्हणजे निव्वळ ऊर्जा, असाच समज होता. त्या वर्षी मिनेसोटा विद्यापीठातल्या जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या जोडप्याने उंदरांना काटेकोरपणे स्निग्धांश नसलेलं अन्न दिलं. उंदरांची वाढ खुंटली, शेपटीवर खवले धरले, मूत्रपिंडं बिघडली. दुसऱ्या वर्षी त्यांनीच दाखवलं की लिनोलेइक आम्ल थोडंसं दिलं तरी हे थांबतं. त्याच प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याने मग स्वतः सहा महिने जवळपास बिनस्निग्ध जेवण घेतलं, आणि त्याच्या कातडीला काहीच झालं नाही! मोठ्या माणसाच्या अंगातल्या चरबीत या आम्लांचा साठा असतो, तो हळूहळू वापरला जातो. त्यामुळे धडधाकट माणसात ठळक कमतरता क्वचित दिसते. तान्ह्या बाळांजवळ असा साठा नसतो, म्हणून त्यांच्यात ती लवकर दिसते. कोरडी, पापुद्रे सुटणारी त्वचा, खुंटलेली वाढ, लवकर न भरणाऱ्या जखमा ही तिची लक्षणं.

ओमेगा-६ आपल्या त्वचेच्या वरच्या थराला पाणी धरून ठेवायला लागतं. ओमेगा-३ पासून शरीर पुढे दोन लांब साखळीची मेदाम्लं तयार करतं, ईपीए आणि डीएचए. डीएचए मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात भरपूर असतं. अडचण अशी की ही घडण फार मंद चालते. जवसातून किंवा अक्रोडातून आलेल्या ओमेगा-३ पैकी शेकड्यात जेमतेम पाच-दहा भागांचं ईपीए होतं आणि डीएचए तर एखादाच भाग, बऱ्याचदा त्याहूनही कमी. तरुण बायकांमध्ये हे काम पुरुषांपेक्षा बरं चालतं. शिवाय ओमेगा-६ आणि ओमेगा-३ दोघांनाही एकच एन्झाइम वापरावं लागतं. एकाच नळावर दोन रांगा, आणि ओमेगा-६ ची रांग आपल्याकडे फारच लांब.

रोज किती लागतं?

अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या तज्ज्ञ बैठकीने सांगितलेलं प्रमाण असं: दिवसाच्या ऊर्जेपैकी अडीच ते नऊ टक्के लिनोलेइक आम्लातून आणि किमान अर्धा टक्का अल्फा-लिनोलेनिकमधून यावी. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ ओमेगा-६ साडेपाच ते वीस ग्रॅम आणि जवस-अक्रोडातलं ओमेगा-३ निदान एक ग्रॅमच्या थोडं वर. अमेरिकेतला आकडा बायकांसाठी १.१ आणि पुरुषांसाठी १.६ ग्रॅम आहे. ईपीए आणि डीएचए मिळून दिवसाला २५० मिलिग्रॅम. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईसाठी ३०० मिलिग्रॅम, त्यात डीएचए निदान २००.

"ओमेगा-६ आणि ओमेगा-३ चं गुणोत्तर चार-एकच हवं" असे व्हॉट्सॲपवर फिरणारे संदेश तुम्ही वाचले असतील. त्या बैठकीचं म्हणणं असं होतं की दोन्ही आपापल्या मर्यादेत असतील तर वेगळं गुणोत्तर सांगायला आधार नाही. ओमेगा-६ ने अंगात दाह वाढतो म्हणून शेंगदाणे सोडणारेही मी पाहिलेत. निरोगी माणसांवरच्या प्रयोगांत लिनोलेइक वाढवल्याने दाहाच्या खुणा वाढलेल्या दिसत नाहीत. शेंगदाणे खा. ओमेगा-३ वाढवा. भागाकार करत बसू नका.

पायरी १: महिन्याचं तेल मोजा

कुठलं तेल चांगलं हे विचारण्याआधी घरात किती तेल जातं ते बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या ताटासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम सांगितलंय. चार मोठ्या माणसांचं घर धरलं तर महिन्याला साधारण सव्वातीन किलो, म्हणजे साडेतीन लिटर. लिटर आणि किलोत गल्लत करू नका. लिटरभर तेल भरतं ९१०-९२० ग्रॅम, पिशवीवर तसं लिहिलेलंही असतं.

पिशवी फोडली की तिच्यावर किंवा बरणीवर पेनाने तारीख घाला. महिनाभर नुसतं हेच करा. आमच्या घरी पहिल्या महिन्यात साडेपाच लिटर निघालं, आणि "आमच्याकडे तेल कमीच असतं हो" असं मी त्याआधी छातीठोकपणे सांगत होतो. फोडणी बरणीतून ओतायची सोडून चमच्याने घालायला लागल्यावर दुसऱ्या महिन्यात लिटरभर उतरलं. बाहेरचे वडे-फरसाण या मोजणीत येत नाहीत, ते मनाशी धरायचे.

दिसतं त्या तेलाखेरीज न दिसणारा स्निग्धांशही असतो. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होतं ते त्यामुळेच. बाजरीत शंभर ग्रॅममागे पाचेक ग्रॅम स्निग्धांश असतो आणि दळल्यावर तो बिघडायला लागतो. ज्वारी, गहू, डाळी सगळ्यांत थोडा थोडा असतोच, आणि त्यात बराचसा ओमेगा-६. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यातून साडेचार ग्रॅम ओमेगा-६ मिळतं. म्हणजे साबुदाण्याची खिचडी, कोशिंबिरीतला कूट आणि भरल्या वांग्याचं वाटण एवढ्यातच त्याची किमान गरज भागत येते.

पायरी २: आपल्या तेलात काय आहे ते बघा

खालचे आकडे साधारण आहेत, वाणाप्रमाणे आणि हवामानाप्रमाणे थोडे इकडे-तिकडे होतात.

शेंगदाणा तेलात ओमेगा-६ तीस टक्क्यांच्या आसपास, ओमेगा-३ नाही. बाकी बरंचसं ओलेइक आम्ल, जे ऑलिव्ह तेलात असतं तेच. स्वयंपाकाला उत्तम तेल. तिळाचं तेल ओमेगा-६ ला चाळीस टक्के, ओमेगा-३ ला नावापुरतं.

सूर्यफूल साठ टक्क्यांच्या वर, करडई पंचाहत्तरच्या आसपास, सरकी पन्नासच्या थोडं वर. तिन्ही ओमेगा-६ वालीच, ओमेगा-३ जवळपास शून्य. करडई-सूर्यफुलाचे 'हाय ओलेइक' वाणही आता मिळतात. त्यात ओमेगा-६ कमी असतं, पण म्हणून ओमेगा-३ वाढत नाही.

सोयाबीन तेल या रांगेत वेगळं पडतं. ओमेगा-६ पन्नास टक्क्यांच्या वर आणि ओमेगा-३ सात टक्के. दिवसाला २५ ग्रॅम सोयाबीन तेल पोटात गेलं तर पावणेदोन ग्रॅम ओमेगा-३ तिथेच मिळतं. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन पिकवणारेच बरेचदा "सोयाबीनचं तेल हलकं" म्हणून नाक मुरडतात. मोहरीच्या तेलातही ओमेगा-३ सहा ते दहा टक्के असतं. ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांत ते असेलच, आपल्याकडे त्याचा उग्र वास लोणच्यापुरता चालतो.

राइस ब्रॅन म्हणजे तांदळाच्या कोंड्याचं तेल. ओमेगा-६ तीस-पस्तीस टक्के, ओमेगा-३ एक-दीड.

खोबरेल तेलात दोन्ही आवश्यक आम्लं मिळून दोनेक टक्के. साजूक तुपातही साधारण तेवढीच. कोकण-गोव्यात खोबरेलावर स्वयंपाक होतो तिथे जोडीला मासे असतात, म्हणून गाडं चालतं. मासे न खाता सगळं जेवण खोबरेल आणि तुपावर करायचं ठरवलं, तर आवश्यक आम्लांसाठी दुसरी सोय मुद्दाम करावी लागेल. तूप वाईट आहे असं मी म्हणत नाही, वरणभातावर मीही घेतो. त्यातून ही दोन आम्लं फारशी मिळत नाहीत, एवढंच.

इथे लाकडी घाण्याबद्दल बोलायला हवं, कारण हा प्रश्न हमखास येतो. घाण्याच्या तेलाला वास आणि चव असते, रिफाइन करताना जाणारे काही घटक त्यात टिकतात. पण शेंगदाणा घाण्यातून काढला म्हणून त्यात ओमेगा-३ येत नाही. जे बियांत नाही ते तेलात कुठून येणार? चवीसाठी घ्यायचं तर खुशाल घ्या.

मिश्र तेलांचंही असंच. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे मिश्रणातलं कुठलंही तेल वजनाने वीस टक्क्यांपेक्षा कमी असता कामा नये, आणि प्रमाण पिशवीवर छापावं लागतं. ते वाचा. सूर्यफूल आणि करडई यांचं मिश्रण म्हणजे ओमेगा-६ मध्ये ओमेगा-६. त्यापेक्षा घरीच एक पिशवी शेंगदाणा आणि पुढची सोयाबीन अशी आलटून-पालटून वापरणं स्वस्त पडतं.

पायरी ३: जवस

खरं सांगायचं तर बाकी काहीच जमलं नाही तरी ही पायरी करा.

जवस किंवा अळशी आपल्याला नवी नाही. विदर्भात जवसाचं तेल स्वयंपाकात वापरायची पद्धत जुनी आहे, आणि जवसाची चटणी सोलापूरपासून नांदेडपर्यंत भाकरीबरोबर असते. मधल्या काळात शहरांत ती मागे पडली आणि मग 'फ्लॅक्स सीड्स' म्हणून चकचकीत पाकिटातून, दुप्पट भावाने परत आली. किराणा दुकानात सुट्टे मिळतात तेच जवस ते. कारळं आणि जवस मात्र एक समजू नका. कारळ्यातही स्निग्धांश भरपूर आहे, पण तो मुख्यतः ओमेगा-६. कारळ्याची चटणी छानच लागते, पण जवसाची जागा ती भरून काढत नाही.

जवसात चाळीस टक्क्यांच्या आसपास तेल आणि त्यातलं अर्ध्याहून जास्त ओमेगा-३. एक मोठा चमचा जवसाची पूड, साधारण सात ग्रॅम, एवढ्यातून दीड ग्रॅमच्या वर ओमेगा-३ मिळतं. दिवसाचा कोटा संपला!

पण दळून. अख्खे जवस टणक सालीचे आणि गुळगुळीत. चावताना निसटतात आणि आले तसे निघून जातात. मुखवासात बडीशेपेबरोबर चिमूटभर जवस खाऊन "मी रोज ओमेगा घेतो" म्हणणारे एक काका माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना मी अजून हे सांगितलेलं नाही.

चौघांना आठवडाभर पुरेल अशी चटणी:

दोनशे ग्रॅम जवस निवडून घ्या, खडे असतात. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजा, हलवत राहा. तडतडायला लागले आणि एखादा दाताखाली कुरकुरीत फुटला की लगेच ताटात काढा, कारण कढई तापलेली असते आणि जवस करपले की कडू होतात. त्याच कढईत सात-आठ सुक्या लाल मिरच्या, चमचाभर जिरं आणि दहा-बारा लसूणपाकळ्या सालासकट वेगवेगळ्या भाजा. लसूण चांगला कोरडा होऊ द्या, ओलसर राहिला तर चटणी टिकत नाही. सगळं पूर्ण गार झाल्यावर मीठ आणि बोटभर चिंच घालून मिक्सरमधून थांबत थांबत काढा. सलग फिरवलंत तर तेल सुटून गोळा होतो. हवाबंद डब्यात भरा, डबा फ्रिजमध्ये ठेवा.

रोज माणशी एक मोठा चमचा, शीग नको. भाकरीबरोबर, दह्यात कालवून, वरणभाताला तोंडी लावायला. मुलं तिखट खात नसतील तर नुसती भाजलेली पूड थालीपिठाच्या किंवा पोळीच्या कणकेत घाला. चटणीवर कच्चं तेल घ्यायची सवय असेल तर ते तेल पायरी १ च्या हिशोबात धरायचं.

दोन सूचना. जवसात चोथा आणि चिकट द्रव्य भरपूर असतं, तेव्हा सुरुवात छोट्या चमच्याने करा आणि पाणी प्या. औषधाच्या गोळ्या आणि जवस एकाच वेळी घेऊ नका, तासा-दोन तासांचं अंतर ठेवा. आणि चांगलं आहे म्हणून वाटी-वाटी खाऊ नका. कच्च्या जवसात सायनाइड तयार करू शकणारी द्रव्यं थोड्या प्रमाणात असतात. भाजल्याने ती कमी होतात आणि एक-दोन चमच्यांत त्रास होत नाही, पण अतिरेक नको.

जवस आवडत नसतील तर मूठभर अक्रोड. २८ ग्रॅममध्ये अडीच ग्रॅम ओमेगा-३, फक्त खिसा सांभाळा. चिया बियाही चांगल्या, पण परदेशी बी आणि परदेशी भाव.

हळिवाबद्दल मात्र थोडं थांबून. बाळंतिणीला हळिवाचे लाडू देताना लोहाचं कारण सांगितलं जातं. पण हळिवाच्या तेलाचा जवळजवळ तिसरा हिस्सा ओमेगा-३ असतो, आणि दहा ग्रॅम हळिवातून पाऊण ग्रॅमच्या आसपास ते मिळतं. नारळाच्या पाण्यात भिजवून, ओलं खोबरं आणि गुळात शिजवून केलेला लाडू फक्त बाळंतपणातच खायचा, असा काही नियम नाही. थंडीत घरात सगळ्यांनी खावा.

घोळाची भाजी बाजारात दिसली तर सोडू नका. पालेभाजीत ओमेगा-३ असं फारसं नसतं, घोळ त्याला अपवाद. शंभर ग्रॅममध्ये तीन-चारशे मिलिग्रॅम. उडीद आणि राजमा यांतही थोडं थोडं असतं.

पायरी ४: मासे खात असाल तर कुठले

जवसातून डीएचए फारसं बनत नाही हे वर आलंच. ते आयतं मिळतं माशांतून, तेही तेलकट माशांतून. आपल्या किनाऱ्यावरचे सगळ्यात कामाचे मासे आहेत तारली आणि बांगडा. पापलेट-सुरमईच्या मानाने स्वस्त आणि पाहुण्यांसमोर ठेवायला लोक बिचकतात असे. तारलीत इतकं तेल असतं की पूर्वी ते काढून लाकडी होड्यांना फासत. मोसमानुसार तेल कमी-जास्त होतं, पण असा तेलकट मासा शंभर ग्रॅम खाल्ला तर साधारण अर्धा ते दीड ग्रॅम ईपीए-डीएचए मिळतं. दिवसाला २५० मिलिग्रॅम म्हणजे आठवड्याला पावणेदोन ग्रॅम. आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खाल्ली की भागलं. ओल्या बोंबलात पाणीच जास्त, त्याच्याकडून ही अपेक्षा धरू नका. चवीसाठी तो आहेच.

कसे करायचे यालाही महत्त्व आहे. रवा लावून भरपूर सूर्यफूल तेलात तळले की माशातलं थोडं तेल बाहेर जातं आणि कढईतलं आत येतं. त्यापेक्षा तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, गोव्याकडची बांगड्याची उडदमेथी किंवा केळीच्या पानात तव्यावर भाजलेली तारली. उडदमेथीत तर उडीदही आले.

१ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, मग बर्फातला मासा येतो किंवा सुका निघतो. सुक्या बांगड्यातलं तेल उन्हात वाळताना बरंच बिघडलेलं असतं आणि मीठही खूप. पावसाळ्यात हौसेने खा, ओमेगा-३ साठी त्या दोन महिन्यांत जवसावर भर द्या.

मोठे शिकारी मासे अनेक वर्षं जगतात आणि त्यांच्या अंगात पारा साठत जातो. म्हणून गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी मोरी (शार्क) टाळावी, मोठी सुरमई वारंवार खाऊ नये. बांगडा-तारली लहान आणि अल्पायुषी, तिथे ही काळजी जवळपास नाही.

शाकाहारी घरांचं काय? मासा डीएचए स्वतः फारसा बनवत नाही, ते मुळात समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळातून त्याच्यात येतं. त्या शेवाळापासून काढलेलं तेल कॅप्सूलमध्ये मिळतं. सरसकट सगळ्यांना त्याची गरज आहे असं मला वाटत नाही. पण मासे न खाणाऱ्या गरोदर बाईने डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारावं, कारण आईच्या दुधातलं डीएचए तिच्या आहारावर अवलंबून असतं आणि हळिवाच्या लाडवातून ते थेट मिळत नाही.

पायरी ५: आच, हवा आणि उजेड

क्रिकेटची नवी बॅट आली की तिला अळशीचं तेल चोळतात. का? कारण ते तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि लाकडावर पातळ थर धरतं. रंग आणि व्हार्निशमध्येही ते याच गुणासाठी वापरतात. ओमेगा-३ मध्ये दुहेरी बंध जास्त, म्हणून ते हवेशी लगेच जोडलं जातं. बॅटला हवा तोच गुण डब्यात खवटपणा आणतो.

म्हणून जवसाची पूड आठवड्यापुरतीच करा आणि अख्खे जवस जास्त आणून ठेवा, सालीच्या आत ते महिनोन् महिने टिकतात. जवसाचं तेल वापरत असाल तर छोटी, गडद बाटली घ्या, फ्रिजमध्ये ठेवा आणि वरून घ्यायलाच वापरा, तळू नका. बॅटचं तेल मात्र खायचं नसतं, त्यात इतर द्रव्यं मिसळलेली असू शकतात. अक्रोड फोडून विकतात ते चाखून घ्या, कडसर खवट लागले तर दुकानदाराला परत द्या. तेलाचा डबा गॅसच्या शेजारच्या कट्ट्यावर असतो तो तिथून हलवा.

तळणीचं तेल हा वेगळाच विषय. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात ही नाजूक मेदाम्लं मोडतात आणि नको ती संयुगं साठत जातात. हॉटेलांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून मर्यादा घातली आहे, तेलातली ध्रुवीय संयुगं (तेल तापून मोडल्यावर साठतात ती) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरता येत नाही. घरात ते मोजायचं यंत्र नसतं. तेल काळपट झालं, चिकट झालं, फेस धरायला लागलं की टाकायचं. तळणीला शेंगदाणा तेल बरं, सूर्यफूल-सोयाबीन पोळ्या-भाज्यांना. उरलेलं तळणीचं तेल एक-दोन दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवा, पुढच्या दिवाळीपर्यंत सांभाळू नका.

वनस्पती तुपाबद्दल एकच. द्रव तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करताना आवश्यक मेदाम्लं नाहीशी होतात आणि ट्रान्स फॅट ही हृदयाला घातक चरबी तयार होते. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तिच्यावर दोन टक्क्यांची मर्यादा आहे. बेकरीच्या खारीबद्दल मला प्रेम आहे, पण ती कशात केलीय ते विचारून घेतो.

पायरी ६: कॅप्सूल घ्यायचीच असेल तर

बाटलीवर पुढे मोठ्या अक्षरात '१००० मिलिग्रॅम' असतं, ते माशाच्या तेलाचं वजन. मागे बारीक अक्षरात ईपीए आणि डीएचए शोधा. साध्या कॅप्सूलमध्ये बरेचदा १८० आणि १२० असतात, म्हणजे एकूण ३००. दोन कंपन्यांच्या किमतीची तुलना याच आकड्यावर करायची.

त्याचा उपयोग किती? २०१८ मध्ये व्हायटल नावाच्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. २५,८७१ लोकांवर, रोज एक ग्रॅम माशाचं तेल. हृदयविकार-पक्षाघात आणि कर्करोग हे मुख्य मुद्दे होते, त्यांत लक्षणीय फरक पडला नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका चाचणीत रक्तातले ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) वाढलेल्या, आधीच कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन घेणाऱ्या आणि जास्त जोखमीच्या रुग्णांना शुद्ध केलेलं ईपीए दिवसाला चार ग्रॅम दिलं, तेव्हा फायदा दिसला. पण ते औषध झालं, डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचं, आणि एवढ्या मोठ्या मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. चटणी आणि बांगडा खाणाऱ्या माणसाने दुकानातून आपल्या मनाने बाटली आणण्याचं कारण मला दिसत नाही.

जुन्या पिढीने मुलांना दिलेलं कॉड लिव्हर ऑइल ही आणखी वेगळी चीज. त्यात जीवनसत्त्व 'अ' भरपूर असतं, म्हणून गरोदरपणात ते नको.

काही जणांसाठी वेगळं

दोन वर्षांखालच्या मुलांचं तेल-तूप वजनाच्या भीतीने तोडू नका. त्यांच्या मऊ भातात एकदा तूप, एकदा तेल असं घाला. स्वादुपिंड, यकृत किंवा पित्तमार्गाच्या आजाराने ज्यांना स्निग्ध पदार्थ पचत नाहीत आणि जे दीर्घकाळ नळीने किंवा शिरेवाटे पोषण घेतात, त्यांच्यात खरी कमतरता होऊ शकते. तिथे चमच्यांचे हिशोब चालत नाहीत, आहारतज्ज्ञ लागतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रोजच्या चटणीबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या. शस्त्रक्रियेआधी डॉक्टर चालू औषधं विचारतात तेव्हा माशाच्या तेलाची कॅप्सूलही सांगा. "ते काही औषध नाही" म्हणून बहुतेक जण नेमकी तीच सांगायची विसरतात.